मीटरभाऊंनी स्टँड घेतला

मीटरभाऊंना सायकलसाठी स्टँड हवा होता. गाडी उभी करायचा नव्हे, तो गाडीलाच असतो. यांना हवा होता दुरुस्तीचा, म्हणजे गाडी जमिनीवरून उचलून छातीच्या उंचीला धरून ठेवणारा. घरात कुणाला याचं फारसं नवल वाटलं नाही. निवृत्त माणसाला काहीतरी हवंच असतं. कुणाला कुंड्या हव्या असतात, कुणाला भांडायला शेजारी. त्या मानानं स्टँड बरा, असं त्यांच्या बायकोनं मुलीला फोनवर सांगितलंसुद्धा.

चौतीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात काढली होती, त्यातली बहुतेक मीटर वाचण्यात. हातात लोखंडी आकडी, खांद्यावर झोळी, झोळीत वही आणि ओलं फडकं. घरासमोरचं झाकण आकडीनं उचलायचं, खाली वाकायचं, मीटरची काच पुसायची, आकडा मोठ्यानं वाचायचा, वहीत लिहायचा, आणि पुन्हा वाकून पुन्हा मोठ्यानं वाचायचा. असं दिवसाला शंभर-सव्वाशे घरं. लोक हसायचे. खात्यात तर म्हणायचे की मीटरभाऊ सही करण्याआधी स्वतःचं नावही दोनदा वाचून बघतात. पण चौतीस वर्षांत त्यांच्या वहीतला एक आकडा कुणी खोटा पाडला नव्हता, आणि हे ते तुम्ही विचारलं नाही तरी सांगत.

नव्या पोरांना शिकवायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. खात्यात पूर्वी एक जण होता, भारी हुशार. त्याला सगळ्या घरांचा खप पाठ. त्यामुळे तो झाकणच उघडायचा नाही, मागच्या आकड्यात अंदाजानं भर घालून मोकळा व्हायचा. एका घराचा मीटर मध्येच बदलला गेला, तरी हा पठ्ठ्या दोन वर्षं जुन्याच मीटरचे आकडे पुढे सरकवत राहिला. जो मीटर तिथे नव्हताच, त्याचे. गोष्ट सांगून झाली की मीटरभाऊ बोट वर करायचे. "पाठ असलेला आकडा कधी लिहायचा नाही. वाकून बघायचं, मग लिहायचं."

आता सायकलीबद्दल. सायकल त्यांच्या वडिलांची. वडील एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात गाडी उलटी करून, हँडल आणि सीटवर उभी करून, तिची सेवा करायचे. पोरगं शेजारी तेलाची डबी धरून बसलेलं. गाडी उलटी झाली की पायडलचा दांडा जिथून आरपार जातो ती आखूड, जाड नळी वर यायची, आणि तिच्यावर ठोकलेला नंबर दिसायचा. वडील विचारायचे, "गाडी हरवली तर पोलिसांना काय सांगशील?" पोरगं घडाघडा म्हणायचं, "चार, सात, एक, शून्य, तीन, आठ." मीटरभाऊंच्या आयुष्यातला हा पहिला आकडा.

नऊ वर्षांचे असताना त्यांनी ती गाडी न विचारता नेली आणि दाराच्या पायरीवर आपटली. वरच्या दांडीला पोचा आला. मार बसणार हे नक्की होतं. वडिलांनी पोच्यात अंगठा घालून बघितला आणि म्हणाले, "बरं झालं, अंगठ्याला जागा झाली." त्या दिवसापासून वडील गाडी हातात धरून चालताना अंगठा तिथे ठेवायचे. वडील गेल्यावर मीटरभाऊंचा अंगठा तिथे जाऊ लागला. याच गाडीवरून त्यांनी सगळी नोकरी केली.

आठ वर्षांपूर्वी उतारावर मागून एका टेम्पोनं त्यांना उडवलं. उजव्या गुडघ्यात स्टीलची पट्टी बसली, तीन महिने अंथरुणात गेले, आणि गुडघा जो ताठला तो ताठलाच. त्यानंतर नोकरीत त्यांना मीटर वाचायला लागले नाहीत, टेबलावर बसून दुसऱ्यांच्या वह्या तपासायला लागल्या. सायकल मात्र मिस्त्रींनी बरी करून दिली. पुढच्या चौकातले हे सायकल मिस्त्री त्यांचे तीस वर्षांचे दोस्त. पुढचं चाक धरणारा नवा चिमटा, नवी चाकं, वरून काळा रंग, पण घंटा तीच, कॅरियर तेच, पोचा तोच. गाडी हळू चालवता येत होती, आणि डॉक्टरही म्हणाले होते की पाय फिरता राहू द्या.

गाडी उलटी करून तिच्यापुढे उकिडवं बसणं मात्र कायमचं संपलं. मग साधं चेनला तेल द्यायचं झालं तरी मिस्त्रींकडे. नोकरी होती तोवर हे चाललं. निवृत्त झाल्यावर मीटरभाऊंच्या मनाला लागायला लागलं. बापाची गाडी, आणि ती आपण दुसऱ्याच्या हातून पुसून घेतो. वेळ बक्कळ आहे, हात धड आहेत, प्रश्न फक्त वाकण्याचा आहे. मग गाडीलाच वर घेतलं तर?

त्यांनी वही काढली आणि रकाने आखले. स्टँडची निवड हा त्यांच्यासाठी गंमतीचा मामला नव्हता. पहिला प्रकार, मागचं चाक आसापाशी धरून चार बोटं वर उचलणारा बुटका स्टँड. स्वस्त, कोपऱ्यात मावणारा, पण त्यानं गाडी राहते जमिनीलगतच. दुसरा, छताला कप्पी लावून दोरीनं गाडी टांगायचा. तो बायकोनं ऐकताक्षणी फेटाळला. ती घरी शिवणकाम करायची आणि छताचा रिकामा भाग नेमका तिच्या मशीनवर होता. "म्हणजे मी खाली शिवत बसायचं आणि वर तुमची गाडी झोके घेणार," ती म्हणाली. तिसरा, भिंतीत ठोकायचा लोखंडी हात. भिंत पोकळ विटांची, तिच्यावर कॅलेंडर राहतं तेच खूप. चौथा, शर्यतवाल्यांचा, ज्यात दर वेळी पुढचं चाक काढावं लागतं. आणि पाचवा, दुमडते पाय, वर हात, हाताच्या टोकाला रबराचे जबडे. ते सीटखालची नळी पकडतात, उंची पाहिजे तेवढी करता येते, आणि गाडी धरलेल्या धरलेल्या सगळीकडून फिरवता येते. पाचव्यापुढे मीटरभाऊंनी एक बरोबरची खूण केली, मग दुसरी.

खरं तर सहावा प्रकारही होता, आणि मनातून त्यांना तोच हवा होता. मिस्त्रींच्या दुकानातला. मिस्त्रींनी तो स्वतःच जुन्या नळ्यांचा बनवला होता. खाली ट्रकच्या ब्रेकचा जाड ड्रम, त्यात उभी नळी, नळीच्या डोक्यावर आडवा सांधा, आणि सांध्यातून निघालेला हात. सांधा असा की एकवीस किलोची गाडी एका बोटानं गर्रकन फिरावी आणि कुरकुर म्हणून होऊ नये. त्या सांध्यावर मिस्त्रींनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. मीटरभाऊ दुकानात गेले की त्या रबरावर हात टेकवून उभे राहायचे आणि गप्पा मारायचे. हाताला ती उंची बरोबर यायची.

"मिस्त्री, मला असाच एक करून दे," ते म्हणाले.

मिस्त्री एका वाकड्या फिरणाऱ्या चाकाचा आउट काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आता नाही जमायचं, मीटरभाऊ. तसं सामान मिळत नाही."

"जुन्या नळ्याच ना? भंगारात ढिगानं पडल्यात."

"बाजारातून आणा हो. तो बुटका घ्या, चाक उचलायचा. तुम्हाला काय करायचंय एवढं? चेनला तेल आणि ब्रेक. ते जबडेवाले घेऊ नका, जुन्या फ्रेमला ते चावतात. आणि गाडी उलटीपालटी कशाला करायची? रंग जाईल उगीच."

घरी बायकोही म्हणाली की बुटकाच घ्या, अडचण होत नाही. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला, तिला फोनवर सगळे प्रकार वाचून दाखवले तर तीही लगेच म्हणाली, "बाबा, तो खालचा साधा घ्या ना." मीटरभाऊंना गंमत वाटली. बायकोचं आणि मिस्त्रींचं आजवर कशावर एकमत झालं नव्हतं. त्यात मुलगीही मिळाली. माझ्या गुडघ्याची सगळ्यांना किती काळजी, असं त्यांच्या मनात आलं, आणि भल्या माणसाला त्या विचारानं बरंसुद्धा वाटलं.

पण निवड त्यांनी आपल्या पद्धतीनंच केली. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहिले, मग गाडी उचलून घेऊन, आणि वजाबाकी केली. दोनदा. एकवीस किलो. दुकानात विक्रेता म्हणाला, "काका, हा पंचवीस किलो सहज घेतो." मीटरभाऊ म्हणाले, "सहज म्हणजे?" आणि त्याला दुकानातली सगळ्यात जड गाडी टांगायला लावली. मग ती हलवून बघितली. पाय किती पसरतात ते बघितलं, जबड्यांचं रबर नखानं दाबून बघितलं, फिरणारा सांधा कानाशी नेऊन फिरवला. सांधा प्लास्टिकचा होता आणि करकरला. मिस्त्रींच्या सांध्याची सर त्याला नव्हती. पण जबडे मऊ होते आणि ते फ्रेमला नव्हे, सीटच्या नळीला धरणार होते, म्हणजे चावण्याचा प्रश्नच नव्हता. मिस्त्रींना हे कसं सुचलं नाही, असा विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला. त्यांनी तो स्टँड घेतला.

बायकोनं दारात तो लांबलचक खोका बघितला आणि म्हणाली, "हा नाही ना तो बुटका?"

"नाही. हा त्याचा बाप," मीटरभाऊ म्हणाले. ती मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत त्यांनी स्टँडचे पाय पसरले, गाडी उचलून सीटखालची नळी जबड्यात दिली आणि पेच आवळला. गाडी हवेत. चाकाला बोट लावलं तर फिरायला लागलं. साठ वर्षांचा माणूस, पण एकटाच हसला. आठ वर्षांनी ते गाडीसमोर ताठ उभे होते आणि गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. चेन धुतली. ब्रेकची रबरं पुसली. पोच्यावरून फडकं जरा हळू फिरवलं. मग सांधा सैल करून त्यांनी गाडी फिरवली आणि ती पोटाकडून वर आली.

खालच्या जाड नळीवर चिखल आणि ग्रीसचा थर होता. तो त्यांनी जुन्या ब्रशनं खरवडला. नंबर बघायला नव्हे. नंबर पाठ होता, पाठ असलेलं बघायचं कशाला? थर निघाला, खाली मिस्त्रींचा काळा रंग लागला, आणि रंगात बुजलेले आकडे अर्धेमुर्धे दिसले. मीटरभाऊंना वडील आठवले. त्यांनी डिझेलचं फडकं घेतलं आणि वडिलांचा नंबर प्रेमानं उजळायला घेतला.

पहिला आकडा पाच निघाला.

रंग भरलाय, ते म्हणाले. चार असणार. त्यांनी टाचणी घेऊन रंग कोरला. पाचच. पुढे दोन. मग त्यांना वाटलं आपण उलट्या बाजूनं वाचतोय. त्यांनी गाडी पुन्हा फिरवली, स्वतः स्टँडच्या पलीकडे गेले. मग मोजले. वडिलांच्या नंबरात आकडे सहा होते. इथे सात होते.

चौतीस वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. "पाच, दोन, दोन, नऊ, सहा, एक, चार." मग पुन्हा. "पाच, दोन, दोन, नऊ, सहा, एक, चार."

आत मशीनचा आवाज थांबला. तो पुन्हा सुरू झाला नाही, आणि त्यावरूनच मीटरभाऊंना कळलं की हिला माहीत आहे. त्यांनी हाक मारली नाही. ती आपणच पडवीच्या दारात येऊन उभी राहिली, गळ्यात मापाची फीत तशीच.

"ही कुणाची गाडी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"मी नंबर वाचलाय."

ती उंबऱ्यावर बसली. मग तिनं सांगितलं, आणि एकदा सांगायला लागल्यावर काही राखून ठेवलं नाही. त्या अपघातात गाडी हँडलखाली, मानेपाशी तुटली होती. मिस्त्री म्हणाले होते, जोडता येईल, पण पुढे भरवसा देत नाही. "मी म्हटलं, जोडू नका. त्या गाडीवर तुम्हाला परत बसू द्यायचं नव्हतं मला. माझा निर्णय होता तो. त्यांच्यावर रागावू नका."

"मी रोज विचारत होतो तुला. रोज. गाडी कशी आहे म्हणून."

"हो. शुद्धीवर आल्या आल्यासुद्धा तेच विचारलंत. तीन दिवस मी उशाशी बसून होते. माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत काय, तर गाडी." हे बोलताना तिचा आवाज जरा चढला, मग उतरला. "म्हटलं, मिस्त्रींकडे आहे, होतेय बरी. काय सांगणार होते तेव्हा? मग डॉक्टर म्हणाले, माणसानं उभारी धरली पाहिजे. मिस्त्रींनी त्याच बनावटीची जुनी गाडी शोधून आणली. चालायला लागलात की सांगायचं ठरवलं होतं. तर तुम्ही चालायला लागलात ते थेट तिच्यापाशी गेलात आणि पोच्यावर अंगठा ठेवून रडायला लागलात. तेव्हा कसं सांगू, अहो?"

मीटरभाऊंनी हवेत लटकलेल्या गाडीकडे बघितलं. इतका वेळ त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं ते आता आलं.

"पोचा कुणी पाडला?"

तिनं फितीचं टोक हातात घेतलं.

"पोचा कुणी पाडला, मी विचारतोय."

"मिस्त्रींनी. हातोडीनं." फितीचं टोक तिच्या बोटाभोवती गुंडाळलं जात होतं. "माप मी दिलं. जुन्यावरून घेतलं होतं. मानेपासून नऊ इंच."

तुटलेलं मीटरभाऊंनी समजून घेतलं असतं. बदललेलंही कदाचित. पण तो पोचा म्हणजे त्यांचा बाप होता, आणि तो फितीनं मोजून, ठोकून, रंगवून त्यांना परत देण्यात आला होता. आठ वर्षं त्यांचा अंगठा मिस्त्रींच्या हातोडीच्या खड्ड्यात पडत होता. आणि निवृत्तीचा समारंभ? त्या दिवशी त्यांनी भाषणात दुसरं काही सांगितलंच नव्हतं. छापखाना, अंगण, नंबर, पायरी, अंगठ्याला जागा झाली. लोकांचे डोळे ओले झाले होते. पहिल्या रांगेत बायको बसली होती, तिच्या शेजारी मुलगी, मुलीच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले मिस्त्री. तिघांनीही टाळ्या वाजवल्या होत्या.

"पोरीलाही माहीत आहे?"

"तिनंच रंग पसंत केला होता."

बुटका स्टँड, अडचण होत नाही, रंग जाईल, साधा घ्या ना बाबा, सगळं एकापाठोपाठ त्यांच्या कानात वाजून गेलं. आपल्या गुडघ्याची काळजी म्हणे. ज्या हुशार माणसाची गोष्ट ते इतकी वर्षं पोरांना सांगून हसत आले, तो त्यांना पहिल्यांदा जवळचा वाटला. मीटर केव्हाच बदलला होता आणि हे जुन्याचे आकडे पुढे सरकवत बसले होते. फरक इतकाच की त्या माणसाला कुणी फसवलं नव्हतं, त्यानं आपणच झाकण उघडलं नव्हतं. यांना घरच्यांनीच झाकणावर बसून फसवलं होतं.

त्यांनी गाडी स्टँडवरून उतरवली. बायको म्हणाली, "कुठे निघालात? चहा तरी घ्या." त्यांनी चहा घेतला नाही. गाडीवर बसलेही नाहीत. ती हातात धरून, दांडीला अंगठा लागू न देता, लंगडत चौकापर्यंत गेले.

मिस्त्रींनी त्यांना चालत येताना बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. स्टँडवर शाळेच्या बाईंची गाडी लटकत होती.

"नंबर वाचलात?" मिस्त्री म्हणाले.

"वाचला. जुनी कुठाय?"

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. त्यांची नजर गेली ती स्टँडवर गेली आणि तिथून हलेना. मीटरभाऊंनी आधी ड्रम बघितला, मग उभी नळी, मग तो सांधा, जो बाजारातल्या कुठल्याच स्टँडला नव्हता. असा सांधा सायकलीत एकाच जागी असतो. पायडलचा दांडा फिरतो तिथे. फ्रेम उलटी करून तिची सीटकडची नळी ड्रममध्ये रोवली की तो सांधा वर येतो, बरोबर हाताच्या उंचीला.

ते पुढे झाले आणि रबराची पट्टी उकलायला लागले. पट्टी आठ वर्षांची, एकात एक चिकटलेली. मिस्त्री म्हणाले, "ब्लेड देऊ?" ते म्हणाले, "नको." शेवटचा वेढा सुटला. आत रंग नव्हता, गंज नव्हता, मिस्त्रींनी त्याला तेल लावून ठेवलं होतं. या खेपेला वाकावं लागलं नाही.

"चार, सात, एक, शून्य, तीन, आठ," मीटरभाऊ म्हणाले. थांबले. "चार, सात, एक, शून्य, तीन, आठ."

"भंगारात द्यायला हात धजला नाही," मिस्त्री खाली बघून म्हणाले. "वरची दांडी गेली, मानही गेली. हे तेवढं धड होतं. म्हटलं दुकानात राहील. तुम्ही येता-जाता हात ठेवायचात, तेव्हा मला वाटायचं, चला, निदान..."

"निदान काय? भंगारात द्यायला हात धजला नाही, आणि मला सांगायला तोंड धजलं नाही. आठ वर्षं मी इथे उभा राहून तुझ्याशी माझ्या बापाच्या गप्पा मारल्या. त्याच्यावर हात ठेवून. आणि तू चाकाचा आउट काढत बसलास."

"वहिनींनी शपथ घातली होती."

"तिची शपथ तुला मोडवेना. आणि मी तुझा कोण होतो?"

मीटरभाऊ बाकावर बसले. बाईंची गाडी अर्धी उघडी होती, ती तशी काढता येत नव्हती, आणि गिऱ्हाइकाचं काम अडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मिस्त्रींनी काम पुरं केलं. तासभर सांधा फिरत होता, कुरकुर न करता, आणि मीटरभाऊ त्याच्याकडे बघत होते. गाडी उतरल्यावर ते उठले.

"हे मी नेतो. माझ्याकडे कालचा नवा आहे, तो तुला पाठवून देतो. पंचवीस किलो सहज घेतो."

"मीटरभाऊ, बसा ना. बोलू आपण."

"ड्रम राहू दे. नळी सोडव."

मिस्त्रींनी ड्रमचे बोल्ट काढले. फ्रेमचा तो उरलेला सापळा कॅरियरवर आडवा ठेवून ट्यूबच्या पट्टीनं बांधला. गाठ पक्की बसली. मीटरभाऊंनी त्यांचा निरोप घेतला नाही. खोट्या गाडीवर खरी लादून ते घराकडे निघाले, वाटेत कुणीतरी विचारलं, काय मीटरभाऊ, भंगार विकायला काढलंत का, तरी ते थांबले नाहीत.

बायको दारातच होती. तिनं रडून घेतलं असावं, पण आता तोंड धुतलेलं होतं. मीटरभाऊंनी पट्टी सोडली, तो सापळा पडवीत आणला आणि नव्या स्टँडचे जबडे उघडून त्यात आवळला. एकवीस किलोसाठी घेतलेल्या त्या स्टँडवर तीन-चार किलोचं लोखंड लटकलं.

"हे काय आणलंत?" तिनं विचारलं, पण विचारता विचारताच ओळखलं आणि मागे सरली.

"इथे ये. चष्मा लाव आणि वाच."

"अहो, कशाला आता? चुकलं माझं. म्हणते ना चुकलं."

"वाच."

तिनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी सांधा मुद्दाम खाली ठेवला होता, तिला वाकावं लागलं. वाकून तिनं एकेक आकडा बोटानं चाचपत वाचला. "चार. सात. एक. शून्य. तीन. आठ."

"पुन्हा."

तिनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असा हुकूम कधी सोडला नव्हता. ती पुन्हा वाकली. चार म्हणाली, सात म्हणाली, एक म्हणाली, आणि मग तिचा आवाज गेला. चष्मा भिजला होता, त्यातून तिला काही दिसत नव्हतं.

मीटरभाऊ थांबले. पुढचा आकडा त्यांना पाठ होता. त्यांनी तो सांगितला नाही.